शांतवनआण्णांची शनिवारची फेरी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेणं, असायचं, आणि त्याच्या आदल्या शनिवारी शांतवनआण्णा सायकल बाहेर काढायचे. आष्ट्यात आमची ख्रिस्ती घरं पस्तीसच्या आसपास. काही बाजारपेठेत, काही स्टँडच्या मागं, दोन-चार पार मळ्याच्या वाटेवर. प्रत्येक दारात आण्णा उतरायचे, सायकल स्टँडला लावायचे, चपला काढायचे आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणायचे, "माझं काय चुकलं आसंल तर आत्ता सांगा. उद्या भाकर घ्यायची हाय."

आत या म्हटलं तर यायचे नाहीत. चहाला नको म्हणायचे. कुणाच्या मनात आपल्याविषयी किंतु असेल तर आधी तो मिटवावा आणि मग देवापुढं उभं राहावं, ही शिकवण आम्हा सगळ्यांनाच लहानपणापासून ठाऊक असते. ती ऐकून सायकलवर बसलेला माणूस मात्र मी एकच पाहिला.

आण्णा साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाच्या रसाचा घट्ट पाक एका मोठ्या बंद भांड्यात शिजवतात, त्याला पॅन म्हणतात. साखरेचा दाणा तिथं पडतो. तो कधी पडला, किती वाढला, वाफ किती ठेवायची, हे ठरवणारा तो पॅनमन. आण्णा पाकाचा ठिपका काचेच्या पट्टीवर घ्यायचे, पट्टी उजेडात धरायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. माझे बाबा यशवंतराव त्याच कारखान्यात वजनकाट्यावर होते. एकदा त्यांच्याबरोबर मी गेले असताना आण्णांनी ती पट्टी मला दाखवली. मला नुसती चकाकणारी वाळू दिसली. आण्णा म्हणाले, "ह्यो बारका दाणा बघितलास? त्यो नगं आसताना आलाय. त्याला लगीच पाणी मारून इरघळवायचा. न्हाई इरघळवला, तर मोठ्या दाण्याचं बी वाटोळं करतोय त्यो."

"पाणी मारा" हे त्यांचं पालुपद होतं. गाण्याच्या सरावाला कुणी सूर चुकवला की हात वर करून म्हणायचे, "थांबा. पाणी मारा. परत पयल्यापास्नं." चूक झाली म्हणून ते कधी कुणावर खेकसले नाहीत. चूक लपवली की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. "चुकणाऱ्याला देव शिकिवतो," ते म्हणायचे, "झाकणाऱ्याला कसा शिकिवणार?" आणि देव बोलतो कसा, याबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. "आभाळातनं आवाज येत न्हाई. शेजाऱ्याच्या तोंडानं त्यो बोलतो. म्हणून शेजाऱ्यापुढं कान उघडं ठिवायचं."

आता असं दारात उभं राहून कुणी आपली चूक विचारली तर माणसं काय सांगणार? बहुतेक घरांतून "काही नाही आण्णा" एवढंच उत्तर यायचं. पण आण्णा तेवढ्यावर हलायचे नाहीत. "नीट बगा, काय तरी आसंल," असं म्हणून उभे. दुपारची झोप मोडलेली माणसं मग त्यांना घालवायला काहीतरी शोधून काढायची. एका आजींनी सांगितलं, तुम्ही चपला दारात आडव्या काढता, माझा पाय अडकतो. त्या दिवसापासून आण्णांच्या चपला भिंतीला टेकून सरळ. गायकवाडांच्या घरात प्रार्थनासभा असायची. त्यांनी सांगितलं, आण्णा, तुमची प्रार्थना लांबते आणि आमटी गार होते. पुढच्या सभेला आण्णा एक डोळा उघडा ठेवून घड्याळाकडं बघत प्रार्थना करत होते. वाक्य अर्धं असताना त्यांनी "आमेन" म्हणून टाकलं. आम्ही मुली ओढणी तोंडात कोंबून हसलो. आण्णांना ते दिसलं आणि पुढच्या शनिवारी आमच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "एस्तर, माझ्या प्रार्थनेत हसण्यासारखं काय हुतं? सांग, म्हंजे बदलतो."

असा माणूस. त्याचं हसू यायचं आणि त्याच्यासमोर वागायला जपावंही लागायचं. बाबा वारले तेव्हा शवपेटीला पहिला खांदा आण्णांनी दिला. नंतर कित्येक महिने त्यांची बायको लिडियाकाकू आमच्याकडं भाजी-भाकरी पाठवत होती. माझी थोरली बहीण ग्रेस बारावीला बसली तेव्हा आण्णांनी तिला सायकलवरून परीक्षेच्या केंद्रावर नेलं, आणि पेपर होईपर्यंत फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले. हे सगळं आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे सांगायचंय ते त्यांच्या विरुद्ध आहे आणि मी त्या बाबतीत निष्पक्ष नाही.

ग्रेसनं संदीपशी लग्न ठरवलं. संदीप मराठा घरातला, पलीकडच्या गल्लीतला, सैन्यात होता. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. त्यांनी ग्रेसला धर्म सोडायला सांगितलं नाही. त्यांची अट एकच, लग्न हिंदू रीतीनं व्हावं. आई पंधरा दिवस कुणाशी धड बोलली नाही आणि मग हो म्हणाली. आण्णा घरी आले आणि म्हणाले, "सुमनवैनी, पोरगी तुमची हाय. जावा, जेवा, तिला साडी नेसवा. पर अक्षता टाकू नगा. मंडळीचा नेम हाय." आईनं मान हलवली.

पेठ नाक्याजवळच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं. आण्णाही आले होते, हात मागं बांधून खांबाजवळ उभे होते. मंगलाष्टकं सुरू झाली. कुणीतरी ताट फिरवत आलं आणि आईच्या ओंजळीत लाल तांदूळ पडले. मी तिच्या शेजारीच होते. पहिल्या कडव्याला तिनं हात हलवला नाही. दुसऱ्यालाही नाही. शेवटच्या "सावधान"ला तिनं दोन्ही हात उचलले आणि सगळे तांदूळ ग्रेसच्या दिशेनं टाकले. मी आण्णांकडं पाहिलं. त्यांनी पाहिलेलं होतं.

आमच्या मंडळीतल्या दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर विषय तिथंच संपला असता. मंडळीतली निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या लग्नात अक्षता टाकून आलेली असतात. पण आण्णा मंडळीच्या पाच पंचांपैकी एक होते, आणि ते आण्णा होते. त्यांनी स्वतः पंचांपुढं विषय काढला. "मी बघितलंय. गप बसलो तर मी खोटा ठरतो," असं ते म्हणाल्याचं नंतर कळलं. आईला बोलावणं आलं. अक्षता टाकल्या का, विचारलं. टाकल्या, असं तिनं सांगितलं. रविवारी मंडळीपुढं उभं राहून "माझं चुकलं" एवढं म्हणा, म्हणजे झालं, असं मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी सुचवलं. आई म्हणाली, "चुकलं आसं मला वाटत न्हाई. मग देवाच्या घरात खोटं कसं बोलू?"

आईला प्रभुभोजनातून दूर ठेवलं. उपासनेला यायला बंदी नव्हती. बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर ती बसायची. पहिल्या रविवारी भाकरीचं ताट घेऊन आण्णा एकेक बाक करत मागं यायचे, शेवटून दुसऱ्या बाकाशी थांबायचे आणि वळायचे. आईकडं बघायचे नाहीत. हे नऊ वर्षं चाललं.

मी त्या नऊ वर्षांत भाकर घेत होते, हे सांगायला मला आजही लाज वाटते. मी घेणार नाही, असं मी आईला एकदा म्हणाले होते. तिनं मला झापलं. "माझ्यापायी देवाशी आबोला धरू नगंस. घे गप." मी घेतली. ती घशाखाली उतरताना मागच्या बाकावर आई खोकली तरी मला ऐकू यायचं.

आणि शनिवारची फेरी? ती चालूच होती. आमच्या गल्लीत आण्णांची सायकल यायची, शेजारच्या लोखंड्यांच्या दाराशी थांबायची आणि आमचं दार ओलांडून पुढं जायची. तोवर मी सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले होते आणि शनिवार-रविवार घरी यायचे. एकदा मी त्यांना रस्त्यातच गाठलं. मी तापट आहे, मागचा-पुढचा विचार केला नाही. "आण्णा, अख्ख्या गावाला विचारता माझं काय चुकलं म्हणून. आमच्या आईला का विचारत नाही?"

आण्णांनी सायकलवरून पाय खाली टेकवला. "मंडळीत भाकर घेणाऱ्यांस्नी इचारतो मी, एस्तर. तुझ्या आईनं आपली चूक मान्य केल्याली न्हाई. जिनं स्वतःची चूक ऐकली न्हाई, ती माझी काय सांगणार?"

 मी घरी येऊन भांडी आपटली. आईनं मला काय झालं म्हणून विचारलं नाही. तिला बहुधा कळलं होतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, डिसेंबर महिन्यातल्या एका शनिवारी, आण्णा आमच्या दारात उभे राहिले. आई मेथी निवडत होती. चपला काढल्याचा आवाज आला म्हणून मी वर पाहिलं. त्यांच्या एका डोळ्याला पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

ते नेहमीचा प्रश्न विचारतील असं वाटलं, पण त्यांनी आधी वेगळीच हकीकत सांगितली. कारखान्यात त्यांचा अख्खा पॅन बिघडला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा. शिजलेला पाक खाली मशिनीत गेला, मशीन गरगर फिरलं, पण दाण्यांवरची काळी मळी सुटेना आणि साखर मोकळी होईना. दाण्यात बारीक दाणा मिसळला होता आणि आण्णांना तो काचेवर दिसलाच नव्हता. खालच्या मशिनीवर रज्जाकभाई होते, वीस वर्षांचे सोबती. आण्णा त्यांच्याकडं गेले तेव्हा रज्जाकभाई म्हणाले, "तीन दिस झालं, दाणा मिसळ येतुया. मला दिसत हुतं."

"मग सांगितलं का न्हाईसा?"

"मागं एकदा सांगाय आलो, तवा तुमी म्हणाला, मशीनवाल्यानं मशीन बघावं. आन तुमी शनवारी समद्यांच्या दारात जाता म्हणं, काय चुकलं इचारत. माझ्या दारात कवा आलासा?"

"तुमी आमच्या मंडळीत न्हाई, रज्जाकभाई," आण्णा म्हणाले होते.

"मंडळीत न्हाई. पर तुमच्या पॅनखाली तर मीच हाय न्हवं?"

हे सगळं आण्णांनी दारात उभं राहून, कसलीही रंगरंगोटी न करता सांगितलं. मग म्हणाले, "वैनी, मी तिथनं डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो. डोळा झाला. पर मला वाटलं, मी इतकी वर्सं जी घरं फिरलो, ती 'काय न्हाई' म्हणणारीच निवडली हुती. जिथं काय तरी हाय, ती दारं सोडली. तवा आज आलोय. माझं काय चुकलं, सांगा."

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

"तुमी मला पंचांपुढं उभं केलंसा," ती म्हणाली. "अक्षता टाकल्या का न्हाई, एवढंच इचारलंसा. टाकल्या म्हणलं. झालं तुमचं काम. टाकताना माझ्या तोंडात काय हुतं, त्ये इचारलं का कुणी?"

आण्णा म्हणाले, "न्हाई."

"समदं कार्यालय माझ्या लेकीच्या डोक्यावर हात रिकामा करत हुतं. तिचा बाप न्हाई. तिच्या बाजूची मी एकटी. आनि मीच मूठ झाकून उभी ऱ्हाऊ? मी म्हणलं, प्रभू, ही तुझी हाय, हिला परक्या घरात सोडू नगंस. आन टाकल्या. त्यो माझा आशीर्वाद हुता. तुमाला निस्तं तांदूळ दिसलं."

मी आईच्या शेजारी उभी होते त्या दिवशी, आणि नऊ वर्षं तिच्याच घरात वावरले होते. मीसुद्धा तिला हे कधी विचारलं नव्हतं.

"हे तवाच का न्हाई सांगितलंसा?" आण्णांनी विचारलं.

"हो का न्हाई, एवढंच बोलाय उभं केलं हुतं मला. आनि एक. नेम तुमचा, तुमी पाळलासा, ठीक हाय. पर ताट वळवताना माझ्याकडं एकदा बघायचं हुतं. यशवंतरावांची बायको हाय मी. कोण तरी हाय तितं, एवढं तरी."

 आण्णांनी चपला घातल्या आणि सायकल हातात धरून चालत गेले. दुसऱ्या दिवशी भाकर मोडण्याआधी ते मंडळीपुढं उभे राहिले. सुमनबाईंच्या बाबतीत आपण डोळे झाकून न्याय केला, आपण या जागेला लायक नाही, असं त्यांनी सांगितलं. पंचाचं पद सोडलं आणि पुरुषांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सुमनबाईंना भाकर मिळेपर्यंत मीही घेणार नाही, असं म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मिटलं.

कुठलं मिटायला? झालं असं की आण्णांचं कौतुक सुरू झालं. इतक्या मोठ्या माणसानं असं खाली बसावं, काय ही नम्रता! मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी शेवटच्या बाकावर हात जोडून बसलेल्या आण्णांचा फोटो टाकला. त्याखाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली. एका भक्तिसभेत पाहुण्या वक्त्यानं त्यांचं उदाहरण दिलं. त्याच फोटोत बाजूच्या बाकावर आईचा अर्धा पदर दिसत होता, त्याविषयी कुणी काही लिहिलं नाही.

इकडं पंचांची बैठक झाली. पाचातले आण्णा गेल्यावर उरले चार. दोघं म्हणाले, घ्या परत. दोघं म्हणाले, नेम आहे, आधी त्यांनी चूक कबूल करावी. पाळकसाहेबांची बदली साताऱ्याला व्हायच्या बेतात होती, त्यामुळं ते दोन्ही बाजूंशी सारखेच गोड होते. विषय पुढच्या बैठकीवर गेला. तिथून त्याच्या पुढच्या. चार महिने आण्णा आणि आई, मध्ये वाट सोडून, दोन शेवटच्या बाकांवर बसत होते. ताट दोघांच्याही अलीकडून वळत होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी आई मला म्हणाली, "चल, आण्णांकडं जायचंय."

लिडियाकाकू पुढच्या रविवारच्या द्राक्षरसासाठी बेदाणे धूत होत्या. आई सरळ आत गेली, खुर्चीवर बसली, पाणी मागून घेतलं आणि मग आण्णांना म्हणाली, "तुमी बाकावर बसून माझं काय भलं केलंसा?"

आण्णा गोंधळले. "वैनी, मी शिक्षा घेतली."

"ती तुमी घेतली. मला कुठं काय मिळालं? तुमचं मत हुतं पंचात, त्ये तुमी टाकून आलासा. तीन-दोन झालं आसतं, त्ये दोन-दोन झालं. तुमचं नाव झालं गावात. मी हाय तितंच हाय." आई चिडली की सावकाश बोलते. "माझं ऐकलंसा, मला बरं वाटलं. पर अर्धंच ऐकलंसा. ह्ये बाकावर बसणं बी तुमच्या मनाचंच हाय. देवानं सांगितलंय का तसं?"

मला वाटलं, आता हे फार झालं. माणूस इतका खाली वाकलाय, त्याला आणखी किती वाकवणार? मी आईला डोळ्यांनी खूण केली. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

आण्णा खाली बघत होते. लिडियाकाकूंनी बेदाण्यातून हात काढला आणि पदराला पुसत म्हणाल्या, "मी बी त्येच म्हणत हुते. माझं ऐकलं न्हाई."

"काय म्हणालीस तू?"

"फोटो बगून खूश झालासा, आसं म्हणाले."

आण्णा एकदम लाल झाले. मी त्यांना लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "व्हय. झालो हुतो."

पद सोडणं सोपं होतं, त्यात मान मिळाला. ते परत मागणं अवघड होतं. आण्णांनी मंडळीच्या सभेत उभं राहून, मला पंच म्हणून परत घ्या, अशी विनंती केली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं मत पायजे हाय." लोकांनी आपसांत जे बोलायचं ते बोललंच. खुर्ची सुटत नाही. चार महिन्यांत नम्रता संपली. काल ज्यांनी फुलं पाठवली, त्यांनीच आज तोंडं वाकडी केली. पाहुण्या वक्त्याला कुणी कळवलं की नाही ठाऊक नाही. आण्णा सगळं ऐकत उभे राहिले. हात वर झाले, थोडक्या मतांनी ते परत पंच झाले. पुढच्या बैठकीत तीन विरुद्ध दोन मतांनी आईला परत घेतलं. कबुली न देता.

त्या रविवारी मी आईच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसले. पुढं ये, असं दोन बायका म्हणाल्या, पण आई म्हणाली, "हितंच बरं हाय. पंखा हाय डोक्यावर." आण्णा ताट घेऊन एकेक बाक मागं येत होते. शेवटून दुसरा बाक झाला. ते पुढं आले आणि आईसमोर उभे राहिले. तिच्याकडं सरळ बघितलं. आईनं भाकरीचा तुकडा उचलला. आता त्यांनी जायचं, पण ते तिथंच उभे. 

"आवं, जावा की आता," आई पुटपुटली. "पाळकसाहेब थांबल्यात."

मी रडले. तुकडा हातात धरून भर उपासनेत रडले, आणि आईनं मला कोपरानं ढोसलं.

त्यानंतर आण्णांच्या फेरीत घरं वाढली. रज्जाकभाईंचं दार आलं. मंडळी सोडून गेलेली दोन घरं आली. एका घरानं त्यांना अर्धा तास शिव्या दिल्या, त्या त्यांनी पूर्ण ऐकल्या. ग्रेस माहेरी आली की तिलाही विचारायचे, आणि एकदा तर संदीपला विचारलं. सुटीवर आलेला तो बिचारा फौजी गडबडून उभा राहिला आणि "नो कंप्लेंट, आण्णा" म्हणाला.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी आण्णा गेले. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. सकाळी अंगणात दात घासताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दफनाला सगळं गाव होतं. माती दिल्यावर आमच्यात चार माणसं आठवणी सांगतात. एकेक जण उठला. आण्णा म्हणजे संत, आण्णा म्हणजे देवाचा माणूस, आण्णांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. शेवटच्या वाक्यावर मी आईकडं बघितलं. ती उठत होती. मी तिचा पदर धरला, तिनं तो सोडवून घेतला.

"शांतवनआण्णांनी मला दुखावलं," आई म्हणाली. "नऊ वर्सं मला भाकर मिळाली न्हाई, ती त्येंच्यामुळं. मग त्ये माझ्या दारात आलं आनि मी बोलले त्ये त्येंनी ऐकलं. परत चुकलं, परत ऐकलं. मला तरी आसं ऐकता आलं नसतं." एवढं बोलून ती खाली बसली.

 पाळकसाहेब नवे होते. त्यांनी गाण्याचं पुस्तक उघडलं आणि परत मिटलं. ज्यांनी संत म्हटलं होतं ते पायाखालच्या मातीकडं बघत होते. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

लिडियाकाकू माणसांतून वाट काढत आल्या आणि आईच्या शेजारी, तिथंच मातीत बसल्या. आईचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"सकाळपास्नं समदी त्येंना देव करत्यात, सुमन," त्या म्हणाल्या. "माझा माणूस कुठं हाय, त्येच मला कळंना. तू बोललीस, तवा दिसला."